आईला आमच्या ब्लॉकखालच्या ताई ची ग्रुपमध्ये जायचंय, कुणाला अनुभव आहे का?

राजापूरची_गंगा
नमस्कार मंडळी, जरा वेगळाच प्रश्न आहे. आम्ही सिंगापूरला राहतो, एचडीबीच्या (म्हणजे इथल्या सरकारी घरांच्या) ब्लॉकमध्ये सातव्या मजल्यावर, आणि माझी आई राजापूरहून आलीये दोन महिन्यांसाठी. वय ६७. घरी ती पाचला उठते, म्हणजे इथले साडेसात, आणि उठून कॉरिडॉरमध्ये येऊन उभी राहते तेव्हा समोरच्या बास्केटबॉल कोर्टावर वीसेक आजी-आजोबा ताई ची (तो चिनी संथ व्यायाम) करत असतात, एक छोटा स्पीकर, एक काटकुळे अंकल पुढे, बाकी सगळे मागे आणि कुणीच बोलत नाही. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "ही माणसं पाण्यात उभी असल्यासारखी का चालतायत गो?" आठव्या दिवशी बघते तर ही बाई वरती कॉरिडॉरमध्ये, एका हातात चहाचा कप आणि दुसरा हात त्यांच्यासारखा हवेत फिरवतेय.

आता म्हणते मला खाली जायचंय. पण तिला इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि तिथे सगळे चायनीज, तेही आपापसात होक्कियन नावाची चिनी बोली बोलणारे, मलाच कळत नाही तर तिला काय कळणार. बाहेरच्या माणसाला घेतात का, पैसे किती, कुणाला विचारायचं? आणखी तिचा स्वतःचा एक प्रश्न, "त्यांच्या देवाबिवाचं काही नाही ना त्यात?" गुडघ्यांचंही आहेच, रत्नागिरीच्या डॉक्टरांनी झीज सुरू झालीये म्हणून सांगितलंय, मांडी घालून बसणं बंद आहे. नवरा म्हणतो यूट्यूब लावून घरात करू दे. ती म्हणते, "घरात एकटीनं हात फिरवायला मला काय वेड लागलंय?"

मिसळ_विदाऊट_पाव
ताईची? कुणाच्या ताईची? 😄
चेष्टा सोडा पण मला खरंच कळत नाही, आपल्याकडे योग आहे, सूर्यनमस्कार आहेत, सगळं जग आपल्याकडून शिकतंय आणि आपण त्यांच्याकडे बघून हात फिरवायचे. तसंही हे सगळं बोधिधर्म नावाचा भिक्खू इथूनच घेऊन गेला तिकडे. काकूंना अनुलोम विलोम करायला सांगा, गुडघ्याला काही त्रास नाही आणि खाली पण जायला नको.

तिसऱ्या_मजल्यावरचा_काका
गंगाताई, मी इथे २२ वर्षं आहे आणि त्यातली सहा वर्षं खालच्या ग्रुपमध्ये (आमच्या ब्लॉकच्या, तुमच्या नव्हे), त्यामुळे अधिकारवाणीने सांगतो, काही कुणाला विचारायला नको. उद्या आईंना घेऊन दहा मिनिटं आधी खाली जा, पुढच्या अंकलकडे बघून मान झुकवा, "त्साओ" म्हणा, म्हणजे गुड मॉर्निंग, आणि हाताने आईंकडे बोट करा. तो हात हलवून "या या" करणार. कम्युनिटी क्लबमध्ये रीतसर क्लास असतात त्यांना फी असते, पण कोर्टावर जमणारे बहुतेक ग्रुप असेच चालतात, कुणीतरी एक जुना जाणता पुढे उभा राहतो, स्पीकरच्या बॅटरीला नि चहापाण्याला कधीतरी दोन-चार डॉलर जमा करतात. चायनीज न्यू इयरला त्या लाओशींना, म्हणजे मास्तरांना, दोन संत्री द्यायची, जोडीनेच हं, एक नाही. मला पहिल्या वर्षी माहीत नव्हतं, मी डझनभर नेली पिशवी भरून, हसून हसून मेले सगळे.

आता खरी कामाची टीप. नवीन माणूस लाजून मागच्या रांगेत उभा राहतो, आणि तिथेच फसतो, कारण ताई ची एका जागी उभं राहून करायची नसते, सगळी रांग डावीकडे सरकत जाते आणि मधेच वळते, आणि वळली की मागची रांग एकदम पुढे येते! मग समोर बघायला कुणीच नाही, नुसती बिल्डिंग. मी पहिल्या दिवशी असाच वळलो आणि समोर कचऱ्याच्या डब्याशी उभा असलेला बांगलादेशी सफाईवाला, तो मला बघतोय नि मी त्याला. म्हणून आईंना अगदी मधे उभं करा, चारी बाजूंना माणसं पाहिजेत, कुठेही वळलं तरी कुणाची तरी पाठ दिसली पाहिजे.

बूट जाड सोलचे नकोत, पातळ सपाट चपटे घ्या. जाड सोलमध्ये जमीन पायाला कळतच नाही. साडीत होईल पण पाऊल लांब टाकायचं असतं, पंजाबी ड्रेस बरा.

देवाचं विचारलंय, तर नाही, प्रार्थना वगैरे काही नसते. आमच्यात एक मलय अंकल आहेत, एक तमिळ आंटी आहेत, कुणाला काही अडचण आली नाही.

तिआनतान_ते_टिटवाळा
काकांनी मस्त सांगितलंय, मी फक्त मागचं थोडं सांगतो कारण मी कंपनीतर्फे बीजिंगला तीन वर्षं काढलीत आणि सकाळी तिआनतान पार्कात (ते गोल निळं देऊळ आहे ना, स्वर्गाचं मंदिर, त्याचं आवार) फिरायला जायचो.

मिसळसाहेब, बोधिधर्माची गोष्ट शाओलिन मठातल्या कुंग फूला चिकटवलेली आहे, ताई चीला नाही. ताई चीची दंतकथा वेगळी, वूदांग पर्वतावरचा चांग सानफंग नावाचा ताओ संन्यासी, त्याने पक्षी आणि सापाची झुंज बघितली वगैरे. आणि या दोन्ही गोष्टी खुद्द चिनी लोकांनीच खोडल्यात, १९३० च्या आसपास तांग हाओ नावाचा वकील-संशोधक होता, त्याने कागदपत्रं तपासून सांगितलं की या नंतर रचलेल्या कथा आहेत, कट्टर लोक भयंकर चिडले होते त्याच्यावर. (आपल्याकडे कुणी असं केलं की काय होतं ते सांगायला नको.) ज्याचा माग लागतो ते हनान प्रांतातलं चंच्यागौ नावाचं खेडं, म्हणजे शब्दशः चेन घराण्याची घळ, सतराव्या शतकातला चेन वांगतिंग. पिढ्यानपिढ्या घरातच ठेवलेली विद्या. मग यांग लुचान नावाचा बाहेरचा माणूस तिथे शिकला आणि एकोणिसाव्या शतकात बीजिंगला जाऊन दरबारातल्या मंडळींना शिकवू लागला, आणि त्याचा नातू यांग चंगफू याने ती आणखी संथ आणि मोकळी करून सर्वसामान्यांत नेली. चेनवाल्यांची मूळ पद्धत बघाल तर चाट पडाल, हळू हळू चाललेलं असतं आणि मधेच धाडकन पाय आपटून ठोसा. ती लढाईचीच विद्या आहे, नावातच आहे, छुआन म्हणजे मूठ. आणि नावातला ची म्हणजे 'ऊर्जा'वाला छी नव्हे, तो शब्दच वेगळा. हा ताई-ची म्हणजे यिन-यांगच्याही आधीचं मूळ टोक, परम तत्त्व म्हणा. इथे भारतात क्लासवाले सर्रास ऊर्जा ऊर्जा करतात ते सोडून द्या.

आता गंगाताईंच्या आई जे वरून बघतायत ते जवळपास नक्की '२४ प्रकारांचं' असणार. ते जुनं नाहीच मुळी! १९५६ ला चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने मास्तर बसवून यांग पद्धतीचा मोठा संच कापून लहान केला, जुन्या संचाला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, याला पाच-सहा. हेतू हा की कारखान्यातल्या कामगाराला, शाळेतल्या पोराला, म्हाताऱ्याला कुणालाही जमावं. म्हणजे परंपरा जुनी पण पार्कातलं रूप आपल्या आईवडिलांच्या वयाचं. मला तर हे आवडतं. आपण पण कवायत लेझीम असंच केलं ना, जत्रेतलं काढून शाळेच्या मैदानावर आणलं, शिट्टीवर बसवलं, आणि आज आपल्याला ती आपली परंपराच वाटते.

तिआनतानमध्ये सकाळी सहा-साडेसहाला जुन्या सायप्रस झाडांखाली प्रत्येक ग्रुपची ठरलेली जागा. कुणी बोर्ड लावलेला नाही पण त्या झाडाखाली त्यांचंच. एक आजोबा पाण्यात बुडवलेल्या लांबलचक ब्रशने फरशीवर कविता लिहायचे, शेवटची ओळ होईपर्यंत पहिली वाळून गेलेली. पलीकडे दोन म्हातारे मनगटाला मनगट लावून गोल गोल फिरवत, त्याला थुईशौ म्हणतात, हात ढकलणं, बघायला प्रेमळ वाटतं आणि मधेच एक जण तीन पावलं मागे फेकला जातो. मी एकदा हिंमत करून एकाला हात दिला. सत्तरीचा माणूस, माझ्या खांद्याइतका. मी जोर लावला तर जोर कुठे गेलाच कळेना, ओल्या साबणावर जोर लावल्यासारखं, आणि पुढच्या क्षणी मी झाडाला टेकलेलो. नंतर त्याने मला स्वतःच्या थर्मासमधलं गरम पाणी पाजलं. नुसतं पाणी हां, चहाबिहा नाही.

मिसळ_विदाऊट_पाव
बरं बाबा बोधिधर्म मागे घेतो. पण २०२० ला युनेस्कोच्या यादीत आलं ताई ची, आपला योग २०१६ लाच आला होता, हे नमूद करून ठेवतो 😌

तिआनतान_ते_टिटवाळा
नोंद घेतली 😂 आणि तुम्हाला आवडेल अशी एक. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची टीम देशी खेळ दाखवायला गेली होती ना, त्याच ऑलिंपिकला चीनची वुशूची (तिकडच्या युद्धकलांची) टीम पण प्रात्यक्षिकं दाखवायला आली होती. एकमेकांचं बघितलं असेल का काय माहीत.

फिजिओ_मावशी
गुडघ्याबद्दल कुणी बोललंच नाही अजून, इतिहासात रमलात सगळे. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, ताई ची स्वतः शिकवत नाही पण पेशंट करतात.

गुडघ्याची झीज आहे म्हणून ताई ची नको असं नाही, उलट आहे. अमेरिकेतल्या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ च्या गाईडलाईनमध्ये गुडघा आणि खुब्याच्या झिजेसाठी जोरदार शिफारस केलीये. तोल जाण्यावर तर फारच उपयोगी, २०१२ ला पार्किन्सन्सच्या १९५ पेशंटवर अभ्यास झाला होता, आठवड्यातून दोनदा तासभर, २४ आठवडे, ताई चीवाल्यांचा तोल सुधारला आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचं पडण्याचं प्रमाण कमी राहिलं. यात जादू काही नाही, सगळं वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं हेच चालू असतं, आणि म्हातारपणी माणूस पडतो तो नेमका त्याच क्षणी, एक पाय उचलून दुसरा टेकायच्या मधे.

पण पथ्यं आहेत. एक तर खाली बसायचं नाही, लोक बघून उत्साहात खोल वाकतात, आईंनी उंचच राहायचं, गुडघा फक्त किंचित सैल. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेलाच वाकला पाहिजे, आत नाही पडला पाहिजे, आणि बोटांच्या पुढे नाही गेला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वळताना. सगळं वजन पायावर ठेवून तोच पाय पिळायचा नाही!! आधी वजन काढा, टाचेवर पाऊल फिरवा, मग वजन द्या. बिघडतात ते गुडघे इथेच. चोवीसमध्ये एक साप सरपटतो तो प्रकार आहे, एका पायावर पार खाली जायचं, तो आईंनी सरळ उभ्यानेच हात फिरवून सोडून द्यायचा. सोबतच्या आज्या पण तेच करत असतील, बघा.

दुखलं तर तिथेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर ते ठीक आहे, गुडघ्याच्या आत दुखलं तर नाही.

राजापूरची_गंगा
अपडेट! (१२ दिवस झाले, सॉरी, ऑफिस)

गेली एकदाची. काकांनी सांगितलं तसंच केलं, "त्साओ" मी म्हटलं, आईने सरळ हात जोडून नमस्कार केला, आणि त्या अंकलनी उजव्या हाताची मूठ डाव्या तळव्यात धरून उलटा नमस्कार केला. आई एकदम खूश, "बघ, त्यांचा पण नमस्कार आहे." मधे उभं करायचं मी सांगायच्या आधीच एका आंटीने दंडाला धरून तिला मधे ओढलं आणि स्वतः पुढे उभी राहिली. नाव कुणीच सांगितलं नाही. आईला सगळे 'आंटी' म्हणतात आणि आई सगळ्यांना 'आंटी' म्हणते, वीस आंट्या आणि चार अंकल.

भाषेचं म्हणाल तर त्या स्पीकरवर बाई प्रत्येक प्रकाराचं नाव चिनीत घेते, आईला त्यातलं एक पण येत नाही, मग तिने स्वतःची नावं पाडलीत. ढगांसारखे हात फिरवायचे तो 'जात्यावर बसलेली'. एक हात वर एक खाली करून पांढरा बगळा पंख पसरतो तो 'तोरण बांधणं'. आणि परवा मी नेटवरून खरी नावं काढून तिला वाचून दाखवली, घोड्याची आयाळ विंचरणं ऐकून हसली, पण मागे मागे जात एकेक हात पुढे ढकलायचा तो प्रकार, त्याचं जुनं नाव माकडाला हाकलणं आहे असं वाचलं आणि ती उठून उभीच राहिली. म्हणाली, "मग बरोबर करतायत! माकडाला पाठ नाही दाखवायची, पाठ दाखवलीस की अंगावर येतो. त्याच्या डोळ्यात बघत मागे मागे जायचं आणि हात असा पुढे." कोकणात कलमांच्या बागेत आयुष्य गेलंय हो तिचं, दर वर्षी वानर अर्धा आंबा खातात. त्या दिवसापासून तिचा तो प्रकार अख्ख्या ग्रुपमध्ये भारी होतो असं मला तरी वाटतं, बाकी सगळे हवेला ढकलतात आणि हिच्यासमोर खरोखर काहीतरी असतं.

अजून एक सांगायचं राहिलं. संपल्यावर सगळे कोपीटिआमला, म्हणजे इथल्या कॉफीच्या हॉटेलात जातात, कोपी प्यायला. एका आंटीने तिच्यासाठी बन मागवला, आईने हात हलवून नको केलं कारण त्यात काय असेल कोण जाणे. तर त्या आंटीने आकाशाकडे बोट केलं, बोटांनी एक आणि मग पंधरा दाखवलं, आणि स्वतःच्या ताटलीतली भाजी-नूडल्स दाखवून मान हलवली. मला पण आधी कळलं नाही, ऑफिसमधल्या चायनीज मैत्रिणीने सांगितलं की जुनी माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी खातात. घरी येऊन आईने तिकडून आणलेलं कालनिर्णय उघडलं, त्या दिवशी पौर्णिमा होती. आता तिचं म्हणणं, "आपलीच माणसं आहेत गो."

मधे चार दिवस बंद होतं. पाऊस पडला की ते ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये सरकतात, पण ब्लॉकमधलं कुणीतरी वारलं होतं, तिथे त्यांचा पांढरा मांडव आणि गोल टेबलं लागलेली, आणि वरून रोज पाऊस. आई रोज साडेसातला कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी, आणि समोरच्या ब्लॉकमध्ये पण दोन आज्या तशाच उभ्या.

मिसळ_विदाऊट_पाव
माकडाचं एक नंबर 😂😂 मानलं काकूंना. मी काही बोलत नाही आता. आमच्या बागेत हास्यक्लब आहे तिथे वडील जातात, हा हा हो हो करून येतात, मी त्यांची पण चेष्टा करायचो, पण गेल्या महिन्यात ते आठ दिवस गेले नाहीत तर तीन जण घरी बघायला आले.

तिसऱ्या_मजल्यावरचा_काका
हेच ते. आमच्याकडे एक जण दोन दिवस आला नाही की लाओशी स्वतः लिफ्टने वर जाऊन दार वाजवतात. एकदा खरंच एक अंकल बाथरूममध्ये पडलेले सापडले होते, एकटे राहायचे, वाचले. व्यायामाने किती आयुष्य वाढतं ते फिजिओ मावशी सांगतील, यांचं तरी त्या दार वाजवण्याने वाढलं.

फक्त तरुण कुणी नाही हे खटकतं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात लहान मी, ५४. पोरं जिमला जातात किंवा झोपलेली असतात.

तिआनतान_ते_टिटवाळा
बीजिंगला पण तेच, वर चौकातल्या नाचवाल्या आज्यांनी ताई चीची जागा खाल्ली ते वेगळंच, त्यांचे स्पीकर मोठे. लोक वैतागून तक्रारी करतात, गणपतीच्या डीजेवरून आपल्याकडे होतात तशाच डिट्टो.

राजापूरची_गंगा
आई परवा निघतेय. काल शेवटचा दिवस, तिने बेसनाचे लाडू नेले होते, काकांच्या सांगण्यावरून प्रत्येकाला जोडीने. लाओशींनी स्पीकरवरचं रेकॉर्डिंग माझ्या व्हॉट्सअपवर पाठवलंय, ते तिच्या फोनमध्ये टाकून दिलं. शेजारच्या दोन काकवांना शिकवणार म्हणे, चिनी बाईच्या आवाजावर, मराठी नावांनी.

फक्त एक शंका, काका किंवा टिटवाळा कुणीतरी सांगा. आमच्या अंगणात मधोमध तुळशीवृंदावन आहे आणि डावीकडे लगेच पायऱ्या. आई विचारतेय की सरकत सरकत गेल्यावर पायरीवरून पडायला नको, तर डावीकडे किती जागा लागते?

तिसऱ्या_मजल्यावरचा_काका
एका माणसाला साधारण पाच मीटर धरा, आईंची पावलं लहान असतील तर चारात पण बसेल. काकवांना शेजारी उभं नाही करायचं, पुढे-मागे उभं करायचं. आणि सुरुवात अंगणाच्या अगदी उजव्या टोकाला करा, ढगांचे हात येईपर्यंत, सॉरी, जात्यावर बसेपर्यंत, तुळस ओलांडायची नाही.

फिजिओ_मावशी
आणि शेणाने सारवलेलं असेल तर ओलं असताना नको!

राजापूरची_गंगा
आई म्हणतेय कोबा आहे, सारवण कुठलं आता.